पाच जणींचा पिवळा गाऊन

माझ्या दुकानातल्या एकाही गाऊनला पाठ नाही. शिवलेलीच नाही. पुढून एखाद्या संस्थानाची राणी वाटणारी बाई मागून पाहिली, तर मानेपासून कमरेपर्यंत नाड्या, सेफ्टी पिना आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. गरोदर बाईचं माप आठवड्याला बदलतं. प्रत्येकीच्या मापाचा गाऊन ठेवायचा तर मला दुकान नाही, गोदाम लागेल. म्हणून मागची बाजू उघडी ठेवायची, पुढून ताणून नीट बसवायचं आणि मागं चिमटे मारायचे. फोटोवाल्याला एकच ताकीद: बाईला वळायला सांगू नका.

पांढरकवड्याला सलीमभाईंच्या फोटो स्टुडिओला लागून माझं कपडे भाड्यानं द्यायचं दुकान आहे. सुरुवातीला मी ब्लाउज शिवत होते, मग नवरीचे शालू, लेहेंगे, नवरदेवाच्या शेरवान्या ठेवायला लागले. आमच्याकडं लग्नाची तारीख गुरुजी काढतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती कापूस काढतो. कापूस चांगला आला की मार्चपासून माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. मग ती बोंडअळीची वर्षं आली. बोंड फोडलं की आत अळी आणि कवडी, म्हणजे किडका, काळपट कापूस. लग्नं पुढच्या साली गेली, पुढच्या सालीही अळी आली, मग त्याच्या पुढच्या साली गेली. माझे लेहेंगे कपाटात नुसते डांबरगोळ्यांचा वास घेत पडले.

त्याच काळात माझ्या लक्षात आलं की लग्न पुढं ढकलता येतं, सातवा महिना ढकलता येत नाही. मोठ्या शहरांतले गरोदर बायांचे फोटो मोबाइलवरून आमच्या पोरींपर्यंत पोचलेच होते. सलीमभाई म्हणाले, "ताई, तुमी गाऊन ठेवा, मी क्यामेरा ठेवतो. जे होईन ते होईन." असा हा धंदा सुरू झाला.

फोटोसाठी काय घालायचं हे बाया आधीच ठरवून येतात, आणि बहुतेक चुकीचं ठरवून येतात. सगळ्यांना पांढरा हवा असतो. पांढऱ्यातून उन्हात परकराची नाडीसुद्धा दिसते. मोठ्या फुलांचं कापड घातलं तर पोट कुठं संपलं आणि फूल कुठं सुरू झालं ते कळत नाही. काळा फोटोत सगळ्यात छान, पण काळ्याला सासवांची परवानगी नसते. म्हणून मी गर्द जांभळा ठेवला आणि त्याला वांगी कलर म्हणते. वांग्याला कोणाची हरकत नसते. पट्टा छातीखाली हवा, पोटावर चुण्या नकोत, पायात सपाट चप्पल. पाय फोटोत येत नाहीत, आणि तोवर ते सुजलेलेच असतात. यायचं ते सातव्याच्या शेवटी. आधी आलात तर पंगतीतून उठून आल्यासारखं दिसतं, फार उशिरा आलात तर खाली बसल्यावर उठवायला दोघं लागतात.

प्रत्येक गाऊनला मागं लांब शेपटी असते. ती नवऱ्यानं हवेत उडवायची आणि फोटोच्या बाहेर पळायचं. हे काम जगातल्या कुठल्याही नवऱ्याला जमत नाही. एका मास्तरांच्या हातांची बोटं त्यांच्या बायकोच्या चोवीस फोटोंत आहेत.

हे सगळे नियम मी एका गिऱ्हाइकासाठी मोडले. त्याची ही गोष्ट.

बाजाराचा दिवस होता. जवळच्याच खेड्यातलं एक कुटुंब आलं. पुढं शेवंताबाई, साठीच्या, पदर खोचलेल्या. मागं त्यांची सून प्रणाली, अंगानं काडी, पुढं पोट. सर्वांत मागं मुलगा गजानन, तो दारातच मोटरसायकलला टेकून उभा राहिला. घराची थोडी शेती होती आणि त्या साली शेतात वेचण्याजोगा कापूस नव्हताच, त्यामुळं त्याला भरपूर वेळ होता.

प्रणालीनं आत आल्या आल्या मरून गाऊनला हात लावला. माझ्याकडचा सगळ्यात देखणा गाऊन तो. मी सवयीनं सुरू केलं, "बघ, बघ. एकदम नवा माल. परवाच आला, अजून कोणी अंगाला लावला नाही."

शेवंताबाई बाकावर बसत होत्या, त्या अर्ध्यातून उठल्या.

"नवा? चाल वं प्रणाली. चाल घरी."

मला कळेना. कपडा नवा म्हटल्यावर उठून जाणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी दारातून गजाननच बोलला. प्रणालीचं हे तिसरं. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरून आलं आणि राहिलं नाही. दोन्ही वेळेला घरात नवे कपडे, पाळणा, डोहाळजेवणाची हिरवी साडी, सगळं थाटात आणलं होतं. म्हणून या खेपेला त्याच्या आईनं नेम केला होता: बाळाचं बारसं होईपर्यंत प्रणालीच्या अंगाला नवा धागा लागणार नाही. सातव्या महिन्याची साडीसुद्धा नणंदेची, वापरलेली.

"भाड्याचं दुकान हाय म्हनून आलतो," शेवंताबाई म्हणाल्या. "भाड्याचं म्हंजे जुनं असन वाटलं. हिच्या मनात फोटोचं लय हाय. पन नवं नाही घालू देत मी."

"मावशी, थांबा," मी म्हणाले. "खोटं बोलले मी. अकरा जणींनी घातलाय हा."

"आता खोटं बोलून राह्यली का मंघा बोलत होती?"

प्रश्न रास्त होता. मी गाऊन काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. इतकी वर्षं जे डाग हातानं झाकत आले, ते बोट ठेवून दाखवायला लागले. हा हळदीचा. ही काखेतली घामानं विटलेली जागा. ही बाजू दोनदा उसवून शिवलेली. मागच्या कडेला पिनांची एवढी भोकं की चहा गाळता यावा. शेवंताबाईंनी गाऊन दारापर्यंत नेला, उजेडात धरला, नाकाला लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "चांगला जुना हाय."

माझ्या मालाचं एवढं मनापासून कौतुक कोणी केलं नव्हतं. मी टेप काढला. पण बाईंचं संपलं नव्हतं.

"अकरा जनी म्हनली ना तू? अकराच्या अकरा सुकरूप सुटल्या काय?"

माझ्याकडं एक जाड वही आहे. गाऊन नेला की त्यात बाईचं नाव, गाव, फोन, कितवा महिना, कुठला गाऊन, आणि परत आला तेव्हा कसा होता ते लिहिते. 'नाडी तुटली.' 'तेलाचा डाग.' 'शेपटीला कुसळं.' मी वही उघडली, मरून गाऊनचं पान काढलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. गाऊन सुखरूप परत आल्याची नोंद अकरा वेळा होती. बाईची एकदाही नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग मालूम कर. गुरुवारी येतो आमी."

"माप तर घेऊ द्या."

"घे. माप जुनंच हाय तिचं."

प्रणालीला पडद्याआड नेलं. गाऊन चढवला, मागं चिमटे लावत होते. आरशात ती स्वतःकडं पाहत होती, एक हात पोटाखाली. हळूच म्हणाली, "ताई, पाहाजा तुमी, काही करून जमवजा. त्या दोघाईचं काहीच नाही माह्यापाशी. पोटात होते तवाचा एक फोटोबी नाही. कोनी इचारलं तं मी दाखवू काय? ह्या बारीले काही होवो, मले फोटो पाह्यजे."

माझ्या तोंडात चार सेफ्टी पिना होत्या, त्यामुळं मला बोलता आलं नाही. बरंच झालं.

ती माणसं गेल्यावर मी फोन घेऊन बसले. खरं सांगायचं तर मला हा प्रकार मूर्खपणाचा वाटत होता. कापडाला काय कळतं? पण पोरीला फोटो हवा होता आणि सासूला हिशोब हवा होता, तर देऊ म्हटलं.

पहिलीनं फोन उचलला आणि मी बोलायच्या आत म्हणाली, "ताई, तुमचा एक चिमटा राह्यला बरं का माह्याकडे. पोट्टं दात आले तवा तोच चावत होतं." दुसरीला दुसऱ्यांदा सातवा होता, तिनं तोच गाऊन मोकळा आहे का विचारलं. तिसरीच्या घरी सासूनं उचलला आणि मी नाव सांगताच ओरडली, "थो डाग आमचा नोहे! आमी नेला तवाच होता!" बाळ कसं आहे एवढं विचारायला मला पाच मिनिटं लागली. एकीचा नंबर बंद होता. तिच्या गावची भाजीवाली बाजारात येते, तिच्याकडून कळलं की मुलगा अंगणवाडीत जातो आणि सगळ्यांना मारतो. मी प्रत्येक नावापुढं खूण करत चालले. मला मजा यायला लागली होती. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदाच विचारत होते की पुढं काय झालं.

त्या तंद्रीतच नववा फोन लावला. राजूरची बाई, नवरा कोळशाच्या खाणीत. तिचं नाव इथं लिहीत नाही. मी हसत हसतच विचारलं, "काय गं, काय झालं मग? मुलगा की मुलगी?"

ती म्हणाली, "नाही राह्यलं ताई."

मी माफी मागितली. आणखी काय करणार? फोन ठेवणार तर तीच बोलली, "फोटो हाय पन. सगळे म्हंतात फाडून टाक, कायले ठेवतं. म्या नाही फाडला. कपाटात, साड्याईच्या खाली ठेवला. कधीमधी पाहतो."

माणसाला असा प्रश्न हसत विचारू नये, एवढं या धंद्यात मी उशिरा शिकले. उरलेले दोन फोन मी नीट आवाजात केले. दोघी सुखरूप होत्या. म्हणजे अकरातल्या दहा.

आता गुरुवारी काय सांगायचं? खोटं बोलायला माझी हरकत नाही, कपड्याबद्दल मी रोज बोलते. नायलॉनला सिल्क म्हणते, वांग्याचं तर सांगितलंच. पण हा प्रश्न कपड्याबद्दलचा नव्हता. शिवाय राजूरच्या त्या बाईला वहीतून खोडल्यासारखं झालं असतं. तिला तर आधीच सगळे फाडून टाक म्हणत होते.

मग बाकीच्या गाऊनची पानं काढली. वांगी कलरच्या दोघींचे फोन लागेनात, त्यांचं कोणाला ठाऊकही नव्हतं. हिरवा त्याच महिन्यात आणलेला, म्हणजे नवाच. राहिला एकच, पिवळा.

पिवळ्याचं काय सांगू? लग्नं बंद पडली त्या साली एका मंडपवाल्यानं त्याचं झालरीचं पिवळं सॅटिन विकायला काढलं. मला मोह झाला. घरीच शिवला, उरलेली झालर बाह्यांना लावली. सलीमभाईंनी पाहिल्या पाहिल्या म्हटलं होतं, "ताई, हा गाऊन नाही, मंडपच हाय. आत पंगत बसवता येईन." घेर एवढा झाला की ज्यांना दुसरं काहीच होत नव्हतं अशाच बाया तो नेत. पाच जणींनी नेला होता. पाच फोन केले. पाचही घरांतून मागं पोरांचा कालवा ऐकू आला.

गुरुवारी तिघं आली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. मरून अकरा, त्यातल्या दहा. पिवळा पाच, पाचच्या पाच.

शेवंताबाईंनी विचारलं, "अकरावी कोनती?"

"राजूरची आहे एक."

"फोटो काहाडला होता तिनं?"

"हो. जपून ठेवलाय."

बाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मला वाटलं, आता उठतात. पण म्हणाल्या, "पिवळा दाखव."

मी पिवळा काढला. दुकानात उजेड वाढला. प्रणाली त्याच्याकडं पाहतच राहिली.

"आई, मी हे घालू? झेंडूचं पोतं दिसन मी!"

"दिस. पाचच्या पाच हाय."

"अवो पन आई, मरूनमंदी दहा तं सुटल्या!"

"अन् अकरावी तुह्या घरची असती तं?"

गजाननला दोघींनी एकदमच विचारलं, तुझं काय म्हणणं. तो म्हणाला, "आई म्हंते थेबी बरोबर हाय, प्रणाली म्हंते थेबी बरोबर हाय." आणि मोटरसायकलचा आरसा पुसायला लागला.

प्रणालीनं पिवळ्या गाऊनची झालर दोन बोटांनी उचलली, सोडली. मग माझ्याकडं पाहून हसली. "द्या ताई. फोटो पाह्यजे मले. झेंडू तं झेंडू."

काडीसारखी पोरगी आणि पंगत मावेल असा घेर. मी मागं सतरा चिमटे लावले, तो माझा विक्रम आहे. शेवंताबाईंच्या अटी संपत नव्हत्या. पोट उघडं दिसणार नाही. जंगलात, धरणावर कुठं जायचं नाही, फोटो आपल्याच वावरात. सकाळी. आणि निघताना त्यांनी काजळाची डबी काढली, अंगठा बुडवला आणि गाऊनच्या पोटावर, बरोब्बर मधोमध, रुपयाएवढी तीट लावली. मी डोळे मिटून घेतले. सॅटिनवरचं काजळ निघत नाही.

वावरात उभ्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं. पानं गळालेली, बोंडं अर्धवट उकलून काळी पडलेली. चांगल्या साली इथं पांढरं शेत पाहून लोक गाड्या थांबवतात. सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, बॅकग्राउंडच नाही. काय घेऊ मी इथं?" मग प्रणाली पऱ्हाट्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि ते बोलायचे थांबले. त्या करड्या, वाळलेल्या शेतात तो मंडपाचा पिवळा असा उठून दिसला की काय सांगू. मरून तिथं मातीत मिसळून गेला असता. हे मला आधी सुचलं होतं असं मी आता गिऱ्हाइकांना सांगते. सुचलं नव्हतं.

राहिली शेपटी. गजाननला उडवायला दिली. त्यानं उडवली ती सरळ पऱ्हाटीत. सोडवून दुसऱ्यांदा उडवली, दुसऱ्या पऱ्हाटीत. तिसऱ्यांदा फाटल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. शेवंताबाईंचा धीर सुटला.

"हट बाजूले! साधं कापड नाही फेकता येत तुले, कापूस कसा पिकवशीन?"

त्यांनी पदर खोचला, शेपटी दोन्ही हातांत धरली, ओलं लुगडं झटकावं तशी झटकली आणि पळायला लागल्या. साठ वर्षांची बाई, पऱ्हाट्यांतून, चपला हातात. किती पळणार? सलीमभाईंनी बटण दाबलं तेव्हा त्या जेमतेम दोन पावलं गेल्या होत्या. फोटोत शेपटी आभाळात आहे, प्रणाली मागं वळून सासूकडं पाहून तोंड उघडं टाकून हसते आहे, आणि शेवंताबाई एक पाय हवेत असलेल्या, फोटोच्या बाहेर निघालेल्या पण न पोचलेल्या. प्रणाली वळल्यामुळं सतरातले नऊ चिमटे स्पष्ट दिसतात.

सलीमभाईंनी नंतर त्यांच्या पद्धतीनं सगळं साफ केलं. सासू काढली, चिमटे काढले, पोटावरची तीट काढली. फोटो न्यायला शेवंताबाई स्वतः आल्या. पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"तीट कुठं गेली?"

"काकी, डाग वाटत होता तो. काढला."

"तुले कोनं सांगतलं? लाव पयले."

सलीमभाईंनी मुकाट्यानं तीट परत लावली. त्यांच्या सबंध कारकिर्दीत डाग लावायचं हे पहिलंच काम. मग म्हणे, चिमटे काढायला आम्ही सांगितलं होतं का? तेही आले. मग बाईंनी जरा इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अन् माहं काय बिघडलं होतं, तं मले काहाडलं?"

वहीत त्या दिवशी मी लिहिलं: 'पिवळा. शेपटी तीन ठिकाणी फाटली. पोटावर काजळ, निघत नाही.' आणि मग पट्टी घेऊन त्या पानावर आणखी एक रकाना आखला, बाईचं पुढं काय झालं त्याचा. मागच्या सगळ्या पानांवर आखत गेले. राजूरच्या बाईच्या नावापुढं काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'फोटो आहे.'

त्यानंतरचे दोन महिने मी प्रणालीची वाट पाहत होते असं काही नाही. मला इतरही गिऱ्हाइकं होती. फक्त फोन वाजला की मी आधी नंबर बघायला लागले होते.

एका दुपारी वाजला. शेवंताबाई. नमस्कार नाही, काही नाही.

"वही काहाड."

मी वही काढली.

"पिवळ्याचं पान काहाड. लिव. पोट्टी झाली. हे ऐक."

फोन कुठंतरी नेल्याचा आवाज आला आणि मग एक भोकाड. काय ताकद होती त्या आवाजात! समोर लेहेंगा पाहत असलेल्या बाईनं दचकून वर पाहिलं.

"ऐकलं? दोघीबी चांगल्या हाय. लिवलं काय?"

"लिहिते, मावशी." पेन चालेना. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर दोनदा घासलं.

"किती झाल्या आता पिवळ्यात?"

"सहा."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

"हं," शेवंताबाई म्हणाल्या. "अन् थो धुजो नको."